पगारावर तर जात नाहीत ना?

ऑफिसात वर्षातून एक-दोनदा कुठल्यातरी संस्थेसाठी मदतीचं आवाहन फिरतं. दुर्गम भागातली शाळा, आदिवासी मुलींचं वसतिगृह, फिरता दवाखाना असं काहीतरी. आणि दर वेळी कोणीतरी विचारतोच, "पैसे थेट गरजूंपर्यंत पोचतात ना? पगारावर वगैरे तर जात नाहीत ना?"

विचारणारा कंजूष असतो असं अजिबात नाही. बरेचदा सगळ्यात जास्त पैसे तोच देतो. आपले कष्टाचे पैसे कुणाच्या एसी ऑफिसात आणि गाडीच्या पेट्रोलात जाऊ नयेत एवढीच त्याची अपेक्षा असते. आणि तसं होणाऱ्या संस्थाही आहेत, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण मला हा प्रश्नच उलटा वाटतो. खेड्यातलं आरोग्य, शिक्षण आणि रोजगाराचं कौशल्य, ह्या तीन गोष्टींपुरतं तरी पगारावर गेलेला पैसाच गरजूंपर्यंत पोचतो. वस्तूंवर गेलेला बहुतेक वेळा कपाटापर्यंत पोचतो.

आता हे जरा सविस्तर.

मी पनवेलला राहतो. म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण खारघर, कामोठे, नवीन पनवेल इथे राहतात तसाच. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर विमानं उडायला लागली. सोसायटीच्या गच्चीवरून हे सगळं छान दिसतं. पण त्याच गच्चीवरून उलट्या दिशेला बघितलं तर माथेरानचा डोंगर आणि प्रबळगडही दिसतो. त्याच्या पायथ्याला ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन जमाती अतिअसुरक्षित मानल्या आहेत : कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. म्हणजे 'दुर्गम भाग' बघायला गडचिरोलीलाच जायला पाहिजे असं काही नाही. आपल्या तालुक्यात आहे, बाइकवर तासाभरात पोचता येतं.

ह्याच तालुक्यात तारा नावाचं गाव आहे. मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याचं अभयारण्य मागे टाकलं की थोडं पुढे. तिथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. युसूफ मेहेरअली म्हणजे १९४२ साली मुंबईचे महापौर असलेले समाजवादी नेते. 'क्विट इंडिया' ही घोषणा त्यांची. १९५० साली ते गेले आणि १९६१ साली त्यांच्या मित्रांनी, सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने ही संस्था काढली. ती चालवणाऱ्यांत पुढे होते डॉ. जी. जी. पारीख. मुंबईत डॉक्टरकी करणारा, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेला माणूस. ताऱ्याला आज दवाखाना आहे, शाळा आहेत, आदिवासी मुलींचं वसतिगृह आहे, तेलघाणी आहे, साबण आणि मातीच्या वस्तू बनतात. पारीख २ ऑक्टोबर २०२५ ला गेले, वयाची शंभरी ओलांडून.

दुसरं उदाहरण नेऱ्याचं. गाढी नदीच्या काठी कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. नावावरूनच कळतं की सुरुवात कुष्ठरुग्णांसाठी झाली. पुढे बहुविध औषधोपचार आला, रोग बरा व्हायला लागला, आणि २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्टही गाठलं गेलं. एखादा कंपनी-प्रोजेक्ट असता तर इथे 'क्लोज' झाला असता. शांतिवनात मात्र आश्रमशाळा आली, वृद्धाश्रम आला, निसर्गोपचार आला. प्रश्न बदलला तरी त्या जागेवर माणसं होती, त्यामुळे पुढचं काम उभं राहू शकलं.

ह्या दोन्ही ठिकाणी टिकून राहिलं ते तिथलं रोजचं काम. आणि रोजचं काम म्हणजे रोज कामावर येणारा माणूस. त्याला घर असतं, मुलं असतात, महिन्याच्या अखेरीला किराणा भरायचा असतो.

आता आरोग्याचं बघू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी नवजात बाळांसाठी घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला तो १९९५ पासून, ३९ गावांत. गावातल्याच बाईला शिकवलं. तिने बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जायचं, बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, बाळ गार पडलंय का बघायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही द्यायचं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. ह्यात सामान काय होतं? वजनकाटा, थर्मामीटर, श्वास मोजायचं साधन, बाळाला गुंडाळायची पिशवी, थोडी औषधं. खरी गुंतवणूक त्या बाईत होती. तिचं प्रशिक्षण, तिच्यावर देखरेख, तिचा मोबदला.

पुढे ही पद्धत सरकारने आशांच्या कामात घेतली. आशा म्हणजे २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या. आणि इथे आपला सगळ्यांचा स्वभाव दिसतो. कागदावर त्या 'स्वयंसेविका'. त्यामुळे पगार नाही, कामानुसार मोबदला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या एक वर्ष आधी, २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या, आणि एक वर्षानंतर, २०२३ मध्ये पुन्हा. मागणी तीच, पैसे वाढवा आणि वेळेवर द्या. सत्कार करायला आपण नेहमी तयार असतो. पगाराचं नाव काढलं की त्याच बाईच्या सेवाभावाबद्दल आपल्याला शंका यायला लागते.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. हे तर सरकारी नोकर होते. १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की माणसं दगावायची. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या, विषाचा हृदयावर काय परिणाम होतो ते टिपलं, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं औषध वापरून बघितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध साधं, गोळीतलं. महाग काय होतं, तर रात्रभर तिथे बसणारा आणि वर्षानुवर्षं तिथेच राहणारा डॉक्टर. त्याचा पगार आपण करातून भरत होतो. कराचा ह्याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

शिक्षणात फार वेगळं चित्र नाही. 'प्रथम' संस्थेने २००५ साली 'असर' अहवाल काढायला सुरुवात केली. तेव्हापासून थोड्याफार फरकाने एकच गोष्ट पुढे येते : ग्रामीण भागात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही. ह्यावर आपल्यासारख्यांना पहिला उपाय कुठला सुचतो? टॅब. पनवेल तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत मी असे टॅब कपाटात रचून ठेवलेले बघितलेत. प्रत्येकाच्या पाठीवर देणाऱ्याच्या नावाचं स्टिकर. चार्जिंग कोण करणार, बिघडला तर कोण दुरुस्त करणार, मुलं त्यावर नेमकं काय शिकणार, ह्याचं स्टिकर कुठेच नव्हतं.

ह्याच 'प्रथम'ने आधी मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' चालवलं होतं. वस्तीतलीच शिकलेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. त्याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरेंनी केला (ह्या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमरबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). मुलांचे गुण वाढले. त्याच अभ्यासात वडोदऱ्यातल्या मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले होते, आणि तिथेही गणितात चांगला फायदा दिसला. म्हणजे मी यंत्रांच्या विरुद्ध नाही, पोटापाण्याचा धंदाच तो आहे! पण तिथे मुलांजवळ शिकवून तयार केलेला स्थानिक माणूस उभा होता. आपण देणगी देताना यंत्र देतो आणि तो माणूस गाळतो.

कौशल्याचं बोलायचं तर पाबळच्या विज्ञान आश्रमाचं नाव घ्यायलाच पाहिजे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएचडी केलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणारे शास्त्रज्ञ. १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जाऊन राहिले. शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन एकत्र शिकवायचं, तेही गावातली खरी कामं करून. कुणाचं गेट बनवून दे, कुणाचं शेड उभारून दे. गिऱ्हाईक पैसे देतं, त्यामुळे काम वाकडं झालं तर बोलणी बसतात. अभ्यासक्रम एक वर्षाचा, निवासी. २००३ साली जाईपर्यंत कलबाग तिथेच होते, आणि आश्रम अजून चालू आहे.

ह्याच्या शेजारी आपल्याकडची नेहमीची योजना ठेवून बघा. वीस शिलाई मशिनी किंवा दहा संगणक, तीन महिन्यांचा कोर्स, प्रमाणपत्र वाटप, फोटो. विमानतळामुळे आता पनवेलच्या आसपास असे कोर्स अजून वाढतील. वाडीवरच्या मुलाला नोकरी लागणं ही अर्धीच गोष्ट असते. पहिल्या तीन महिन्यांत तो नोकरी सोडून परत येतो तेव्हा खरा प्रश्न सुरू होतो. का आला? रात्रपाळीनंतर वाडीपर्यंत गाडी नव्हती? बँक खातं नसल्याने पगार अडकला? सुपरवायझर जातीवरून बोलला? हे त्याला घरी जाऊन विचारणारा आणि कॉन्ट्रॅक्टरला फोन करणारा कोणीतरी लागतो. तो 'कोणीतरी' कुठल्याच बजेटमध्ये नसतो.

सॉफ्टवेअरमधल्या लोकांना हे खरं तर पटकन कळायला हवं. गो-लाइव्ह झाला की खर्च संपत नाही, सुरू होतो. सपोर्ट टीमशिवाय सिस्टिम चालेल असं कुठल्या क्लायंटने म्हटलं तर आपण मीटिंगमधून बाहेर पडून हसतो. तेच आपण वाडीला आरओ मशीन देतो आणि देखभालीसाठी रुपया ठेवत नाही. वर्षभरात फिल्टर जातो, बायका पुन्हा विहिरीवर, आणि आपण म्हणतो की ह्या लोकांना किंमत नाही.

कंपन्यांच्या सीएसआरमध्येही हाच घोळ आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०१४ च्या एप्रिलपासून हे लागू आहे आणि त्यातून बरंच चांगलं कामही झालंय. पण दीर्घ मुदतीचा प्रकल्प म्हणजे किती दीर्घ? २०२१ च्या नियमांप्रमाणे सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. ताऱ्याचं काम साठ वर्षांचं आहे, हिशोब तुम्हीच करा.

शिवाय मार्चअखेर. वर्षाचे पैसे संपवायचे म्हणून शिबिरांची गर्दी होते फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर गेलेली असतात, मुलाबाळांसकट. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय परतता येत नाही. पावसाच्या तोंडावर माणसं वाडीवर येतात. म्हणजे आरोग्य शिबिराची गाडी वाडीवर पोचते तेव्हा तिथे चार म्हातारे आणि कोंबड्या असतात. हे शिबिर जुलैत घ्या किंवा थेट भट्टीवर घ्या, असं सांगायला वाडीची ओळख असलेला माणूस लागतो. म्हणजे फिरून परत पगारच.

एक गैरसमज तर काढूनच टाकू. "सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, मग पगार कसे देणार?" असं बरेच जण सांगतात. ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. फिरत्या दवाखान्यातल्या नर्सचा पगार हा 'ओव्हरहेड' नाहीच, तोच प्रकल्प आहे. कायद्याला हे कळतं, आपल्यालाच कळत नाही.

आपल्या मराठी मनाची अजून एक अडचण आहे. आपल्याला त्यागाच्या गोष्टी आवडतात. दिवाळी अंकात दरवर्षी असा एक लेख असतो : मोठी नोकरी सोडली, जंगलात गेले, कंदिलाच्या उजेडात संसार केला. ती माणसं मोठी आहेत, वादच नाही. पण त्यांच्यामागे ड्रायव्हर असतात, स्वयंपाकीण असते, लॅब टेक्निशियन असतो, वसतिगृहाच्या ताई असतात. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. त्यांना पीएफ मिळतो का, हेही कोणी विचारत नाही. संस्थापक त्यागावर जगू शकतो, कारण तो त्याने स्वतः निवडलेला असतो. चौदा वर्षं त्या वसतिगृहात काम करणाऱ्या ताईने तो का करावा? तिच्या मुलाला डिप्लोमाला घालायचंय. तिला जवळच्या गोदामात जास्त पगार मिळाला की ती जाईल, आणि जायलाच पाहिजे. मग वसतिगृहातल्या मुली तापल्या की त्यांना कोणती गोळी चालत नाही, हे माहीत असलेलं माणूस तिथे उरत नाही.

"पण मग संस्थेवर लक्ष कसं ठेवायचं?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. माझं उत्तर : टक्केवारी विचारू नका, दुसरे चार प्रश्न विचारा. पाच वर्षांपूर्वी असलेल्या कार्यकर्त्यांपैकी आज किती जण इथे आहेत? त्यांचा पीएफ भरला जातो का? तुम्ही सुरू केलेलं कुठलं काम बंद केलं आणि का? आणि गावातलं कोण कोण तुमच्याकडे नोकरीला आहे? ह्यांची उत्तरं सरळ मिळाली तर ताळेबंदावर एक नजर टाका आणि पैसे द्या. आढेवेढे घेतले तर ओव्हरहेड शून्य टक्के असला तरी देऊ नका.

आणि सरकारचं काम आपण का करायचं, असंही विचारतात. करायचं नाहीच. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा परिषदेची शाळा ह्यांना पर्याय उभा करणं कुठल्याही संस्थेला झेपणार नाही. पण वाडी आणि आरोग्य केंद्र ह्यांच्यामध्ये जे अंतर आहे (जातीच्या दाखल्याचं, रेशनकार्डाचं, भाषेचं, भीतीचं) ते चालून जाणारा माणूस सरकार नेमत नाही. तिथे आपले पैसे उपयोगी पडतात.

आता आकडेमोड. टीममधल्या पंचवीस जणांनी महिन्याला हजार-हजार रुपये दिले तर पंचवीस हजार होतात. एका नर्सचा किंवा एका प्रशिक्षकाचा पगार, पीएफ धरून, त्यात बसू शकतो. दहा वर्षांत तीस लाख. पंचवीस जणांत विभागले तर डोक्यावर एक लाख वीस हजार, तेही दहा वर्षांत. खारघरच्या फ्लॅटसाठी वीस वर्षांच्या हप्त्यावर सही करताना आपला हात थरथरत नाही. मग दहा वर्षांच्या एका माणसाच्या पगारावर सही करायला काय हरकत आहे? (नवीन करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही. करसवलतीसाठी देणारे तिथेच गळतील, बाकीचे तरी राहतील.)

वेळ द्यायचा असेल तर शनिवारी जाऊन शाळेची भिंत रंगवू नका. गावात रंगारी असतो, त्याची मजुरी बुडते. त्यापेक्षा संस्थेचे हिशोब नीट बसवून द्या, देणगीदारांचे अहवाल लिहून द्या, औषधांच्या साठ्याची एक्सेल शीट बनवून द्या आणि ती वापरणाऱ्या ताईंना येईपर्यंत शिकवा. ह्यात फोटो चांगले येत नाहीत, हे मान्य.

पुढच्या वेळी ऑफिसात आवाहन फिरलं आणि कोणी तो नेहमीचा प्रश्न विचारला, की संस्थेला एवढंच लिहा : पैसे पगारावर जाणार असतील तर कोणाच्या, किती आणि किती वर्षं, ते कळवा. आम्ही पंचवीस जण आहोत.